वळण बोर्डातच असतं: अल्पाइन स्नोबोर्डिंगमधलं कार्व्हिंग

२०२६च्या फेब्रुवारीत हिवाळी ऑलिम्पिकमधली स्नोबोर्डची समांतर जायंट स्लॅलम शर्यत इटलीतल्या लिव्हिन्योला झाली आणि तिच्या क्लिपा दादर-पार्ल्याच्या घरगुती ग्रुपांवरही फिरल्या. दोघं शेजारीशेजारी सुटतात, एकाची वाट लाल खांबांतून, दुसऱ्याची निळ्या, आणि दर वळणाला अंग इतकं कलतं की कोपर बर्फाला टेकायला येतं. "हा पडत कसा नाही?" हे मला आतेबहिणीपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी विचारलं. गुलमर्गला जाऊन आलेल्यांना तर जास्तच कोडं पडलं होतं. तिथे त्यांनी पाहिलेले स्नोबोर्डवाले बर्फाचे फवारे उडवत खाली येत होते. इथे फवारा जवळपास नाहीच, आणि पायात मऊ बुटांऐवजी स्कीवाल्यांसारखे प्लॅस्टिकचे कडक बूट. या प्रकाराला अल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणतात.

या सगळ्याचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, आणि ती समजली की शर्यत बघण्याची मजा कैक पटींनी वाढते.

घसरत वळणं आणि कापत वळणं

उतारावर बोर्ड वळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला सगळेच आधी शिकतात. मागच्या पायानं बोर्डाची शेपटी ढकलायची, बोर्ड उताराला आडवा करायचा आणि खरवडत वेग मारायचा. चौपाटीवरचा गोळेवाला बर्फाची लादी रंध्याच्या पात्यावर आडवी घासतो आणि खाली भुगा पडतो, तोच प्रकार इथे बोर्डाखाली चाललेला असतो. भुगा पाडायला लागणारी ताकद तुमच्या वेगातून वळती होते, म्हणून बोर्ड मंदावतो. उताराची भीती वाटत असताना हे वरदान आहे. घड्याळ लावून शर्यत असेल तेव्हा मात्र हा शुद्ध तोटा.

दुसऱ्या मार्गात पातं आडवं घासायचंच नाही, लांबीच्या रेषेत चालवायचं. बोर्डाच्या दोन्ही लांब बाजूंना खालून पोलादाची बारीक पट्टी बसवलेली असते, तिला या लेखात कड म्हणू. बोर्ड एका कडेवर उभा करायचा आणि कड ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेलाच त्याला जाऊ द्यायचं. हे कार्व्हिंग.

दोन्हींतला फरक बोर्डापेक्षा मागे राहिलेल्या खुणेत स्वच्छ दिसतो. घसरलेल्या वळणामागे हातभर रुंदीचा खरवडलेला पट्टा राहतो. कार्व्ह केलेल्या वळणामागे राहतो तो पेन्सिलीच्या जाडीचा चर. वाकून त्यात बोट घाला. वळणाच्या बाहेरच्या बाजूची भिंत उभी आणि टणक लागते, कारण तिच्यावरच सगळा भार पडलेला असतो. बोर्डाच्या नाकानं जो चर पाडला त्याच चरातून कंबर, म्हणजे मधला अरुंद भाग, गेली, त्याच चरातून शेपटी गेली. शेपटी जरा जरी बाहेर सरकली असती तरी ही भिंत मोडली असती.

लग्नपत्रिकेचा प्रयोग

पण कडेवर उभी केलेली फळी सरळ जायची सोडून वळते का? हे हातानं करून बघण्यासारखं आहे. घरात जुनी लग्नपत्रिका असेलच, सहज वाकणारी घ्या. तिच्यातून वीतभर लांब आणि तीन बोटं रुंद पट्टी कापा. आता दोन्ही लांब बाजू मधोमध चार-पाच मिलिमीटर आत येतील अशा हलक्या कमानीत कापा. पट्टीला कंबर आली. स्नोबोर्डाचा आकार वरून बघितल्यावर असाच असतो.

पट्टी टेबलावर एका लांब बाजूवर तिरकी उभी करा. फक्त दोन टोकं टेकतील, मध्ये फट राहील. मग मध्यावर बोटानं हळूच दाबा. फट मिटेपर्यंत पट्टी वाकते, आणि टेबलाला टेकलेली कड आता सरळ रेषेत नसून कमानीत असते. पट्टी आणखी उभी करून पुन्हा दाबा. फट आधीपेक्षा मोठी असते, त्यामुळे पट्टी जास्त वाकते आणि कमान आणखी आवळते.

बोटाच्या जागी माणसाचं वजन आणि टेबलाच्या जागी दाबून कडक केलेला बर्फ धरा, की कार्व्हिंग झालं. कमरेच्या या कमानीला साइडकट म्हणतात. ती ज्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते त्याची त्रिज्या बोर्डाच्या माहितीत मीटरमध्ये दिलेली असते. छोट्या, झटपट वळणांच्या स्लॅलमच्या बोर्डांना ती साधारण १० मीटरच्या आसपास असते, जायंट स्लॅलमच्या बोर्डांना २०च्या आसपास. बोर्ड कलवत नेला की प्रत्यक्ष वळणाची त्रिज्या छापील आकड्याहून कमी होत जाते, आणि ६० अंशांवर ती निम्म्यावर येते.

म्हणजे वळण बोर्डात आधीच कापून ठेवलेलं आहे. बोर्ड किती कलवायचा आणि किती वेळ तसाच धरून ठेवायचा, एवढंच आपल्या हातात. अल्पाइन प्रकारातला प्रत्येक विचित्र वाटणारा भाग, मग ते बूट असोत, पायांचे कोन असोत वा आडवं होणारं अंग, एवढ्याच कामासाठी आहे असं मला ठामपणे वाटतं.

इतकं कलून माणूस पडत का नाही?

स्थिर उभं असताना आपल्याला तोलायचं असतं ते फक्त वजन, आणि ते सरळ खाली ओढतं. वळणात शरीर सरळ जाऊ पाहतं आणि बर्फ कडेतून त्याला आत रेटत असतो. त्यामुळे ज्या रेषेत अंग तोललेलं राहील ती रेषाच कलते. वेग जास्त आणि वळण लहान, तितकी ती आडवी होते.

सपाटीवरचा साधा हिशोब मांडू. साइडकट १२ मीटरचा आहे आणि बोर्ड ६० अंश कलवला. वळणाची त्रिज्या ६ मीटर झाली. या त्रिज्येवर ६० अंश कललेला माणूस तोललेला राहायला वेग लागतो ताशी सुमारे ३६ किलोमीटर, आणि त्या क्षणी पायांवरचा भार नेमका दुप्पट असतो. ७० किलोंच्या माणसाचे पाय १४० किलो पेलत असतात. ३६चा वेग काही फार नाही, म्हणूनच शर्यतीत न उतरणारे हौशी लोकही आडवे होऊ शकतात. पण त्याच कोनात उभ्या जागी कलून बघाल तर लगेच आडवे व्हाल, आणि वळणाच्या मध्यावर कड सुटली तरीही तेच.

प्रत्यक्ष उतारावर आणखी एक भर पडते. वळणाच्या पूर्वार्धात उताराची ओढ वळणाच्या भाराच्या उलट बाजूला असते, म्हणून कडेवरचा दाब हलका राहतो. उत्तरार्धात उताराची ओढ आणि वळणाचा भार एकाच बाजूला येतात. म्हणून कड सुटते, बोर्ड थडथडतो, तो बहुतेक वेळा वळण संपता संपता. शर्यत बघताना खेळाडू खांब पार करून झाल्यावर बोर्ड शांत राहतो की थरथरतो तिकडे लक्ष ठेवा. बरीचशी शर्यत तिथेच हरली-जिंकली जाते.

ते कडक बूट आणि ती अरुंद फळी

१४० किलोंचा भार एका पोलादी पट्टीवर नेमका ठेवायचा असेल तर पाय आणि कड यांच्यामध्ये काहीही ढिलं चालत नाही. मऊ बुटात घोटा वाकतो, पट्ट्याचं बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणारी पकड, थोडं ताणतं, आणि आपण ६० अंश कललो तरी बोर्ड ५०वरच राहतो. कडक बुटाला प्लॅस्टिकचं कवच असतं आणि तो टाचेला नि चवड्याला जाड तारेच्या दोन कमानींनी धातूच्या प्लेटवर आवळला जातो. गुडघा इंचभर सरकवला की कड सरकते.

फळी अरुंद असते कारण कड पायाच्या जितकी खाली, तितकी ती दाबून धरणं आणि एका कडेवरून दुसरीवर जाणं सोपं. साध्या बोर्डाची कंबर साधारण २५ सेंटीमीटर असते, अल्पाइनची १८ ते २१. पण माणसाचा बूट ३० सेंटीमीटर लांब! तो आडवा बसवला तर दोन्हीकडून बाहेर येईल, आणि बोर्ड कलवताच बुटाचं टोक बर्फात रुतून कड उचलली जाईल. हा अपघात फार ओंगळ असतो, कारण पूर्वसूचना मिळत नाही: पकडलेली कड अचानक नाहीशी होते. म्हणून पाय वळवून बसवतात, जवळजवळ नाकाच्या दिशेला, ५० ते ६५ अंशांवर. पुढच्या पायाच्या बोटांखाली आणि मागच्या पायाच्या टाचेखाली छोटी पाचर घालतात, नाहीतर त्या कोनात दोन्ही गुडघे नीट वाकत नाहीत.

बोर्ड लांब आणि ताठही असतो. जायंट स्लॅलमला पुरुष खेळाडू १८० सेंटीमीटरहून लांब बोर्ड वापरतात. आत लाकडाचा गाभा, त्यावर काचतंतू, आणि गेल्या वीसेक वर्षांत टायटॅनलचे पातळ पत्रे, जो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याचं काम थरथर गिळणं. स्वित्झर्लंडचे केसलर आणि ऑस्ट्रियाचे एसजी हे बोर्ड शर्यतीत सतत दिसतात. टीव्हीवर बोर्डाच्या वर आणखी एक उंच फळी दिसते ती वेगळी प्लेट असते. पाय तिच्यावर, आणि खाली बोर्ड मोकळेपणी वाकतो. बूट थेट बोर्डाला जखडले तर नेमका मधला भाग ताठ होतो, म्हणजे लग्नपत्रिकेचा प्रयोगच बिघडतो.

साध्या बोर्डावर हे होतच नाही का?

होतं, आणि छान होतं. जपान-कोरियात मऊ बुटांवर कार्व्ह करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. ते कमरेला जास्त रुंद बोर्ड घेतात, म्हणजे बूट बाहेर येत नाहीत, आणि दोन्ही पायांची बोटं थोडी पुढच्या दिशेला ठेवतात. नव्यानं शिकणाऱ्याला माझा सल्ला हाच: मऊ बुटांवर सुरुवात करा. कडक बूट चूक झाकत नाहीत, आणि पहिल्या दिवसांत थोडी चूक झाकली जाणं चांगलं असतं. फक्त भाड्याच्या बोर्डाची कड तपासून घ्या. अंगठ्याचं नख कडेवर हलकेच आडवं ओढा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे. नख नुसतं सरकलं तर तो बोर्ड कडक बर्फावर घसरणार, मग तुम्ही कितीही बरोबर करा.

शिकताना नेमकं काय करायचं

उतार सौम्य हवा, रात्री मशीन फिरवून दाबलेला हवा, आणि शक्यतो सकाळचा. बोर्ड उतारावर तिरका जाऊ द्या, चवड्यांवर भार घ्या, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवा आणि बोर्ड कलू द्या. आणि मग काही करू नका. शरीर लगेच म्हणतं, खांदे फिरव, मागचा पाय ढकल. ते ऐकायचं नाही. बोर्ड आपणहून उताराच्या वरच्या बाजूला वळेल आणि थांबेल. मागे वळून खूण बघा. चर अखंड असेल तर कार्व्ह झाला, जिथे तो पसरट झाला असेल तिथे तुम्ही ढकललंत. हेच टाचेच्या कडेवर. कोणी शिक्षक सोबत नसला तरी ही खूण खोटं बोलत नाही.

एका कडेवरून दुसरीवर जाणं हा कठीण भाग. चांगलं कार्व्हिंग करणारे कड लवकर बदलतात: बोर्ड अजून उताराला आडवा जात असतानाच नव्या कडेवर आलेला असतो. म्हणजे क्षणभर अंग उताराच्या खालच्या बाजूला झुकलेलं आणि त्याला धरायला काहीच नाही असं वाटतं. मग नाक खाली वळतं, वेग वाढतो, आणि याच क्षणी बहुतेक जण घाबरून शेपटी झाडतात. त्या एक-दोन सेकंदांत नुसतं थांबून राहणं ही या खेळातली सगळ्यात अवघड शिकवण आहे. सौम्य उतार हवा तो यासाठीच, तिथे वाट बघण्याची किंमत कमी असते.

बर्फाला हात लावायची हौस सगळ्यांनाच असते, कारण फोटोत तेच दिसतं. पण हात लावायला माणूस खांदा खाली नेतो, अंग कलतं, बोर्ड मात्र तितका कलत नाही, आणि कडेवरचा भार उडतो. उलट करायचं असतं. कंबर वळणाच्या आत न्यायची आणि खांदे शक्य तितके उताराला समांतर ठेवायचे, म्हणजे अंगापेक्षा बोर्ड जास्त कलतो. चवड्याच्या कडेवर कंबरेतून पुढे वाकू नका, कंबर बर्फाकडे ढकला आणि गुडघे खाली घ्या. टाचेच्या कडेवर ढुंगण मागे टाकून पाय ताठ केलेत तर बोर्ड थडथडणार, गुडघे वाकलेलेच हवेत. हे सगळं जमलं की एक दिवस बर्फच हाताला येऊन लागतो. पूर्ण आडवं होऊन वळण्याची एक शैली आहे, स्वित्झर्लंडमधल्या मंडळींनी ती नावारूपाला आणली. ती बघायला अप्रतिम आहे, पण शर्यतवाले असं करत नाहीत, कारण बर्फाला टेकलेलं अंग वेग खातं.

आणि नजर. ती बोर्डाच्या नाकावर नको, वळण जिथे संपणार तिथे हवी.

मग ब्रेक कुठे आहे?

ही शंका अगदी रास्त आहे. खरवडायचं नाही तर वेग आवरायचा कसा? वळण पुरतं पूर्ण करून. बोर्डाला उताराला आडवा येईपर्यंत, हवं तर थोडा वर चढेपर्यंत, कडेवर राहू द्या, उतारच तुम्हाला मंदावतो. वळण अर्धवट सोडून घाईनं पुढचं घेणाऱ्याचा वेग दर वळणाला वाढत जातो. आणि हो, गरज पडली तर खरवडून थांबता आलंच पाहिजे. ते कार्व्हिंग शिकलं म्हणून विसरायचं नसतं.

यातून एक जबाबदारी येते. कार्व्ह करणारा उताराची सगळी रुंदी वापरतो आणि वर वळतो, वरून येणाऱ्याला त्याचा अंदाज येत नाही. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांप्रमाणे वरून येणाऱ्यानं खालच्याला सांभाळायचं असतं, पण निघताना किंवा उतारावर वर वळताना आपणही वर बघून घ्यायचं, हाही नियमच आहे. गर्दीच्या उतारावर कार्व्हिंग करू नये. हेल्मेट अर्थातच हवं, आणि नवशिक्यांनी मनगटाचे पट्टे घालावेत, पडताना सगळे हातच पुढे करतात.

स्कीवर हे सोपं नाही का?

तत्त्व तेच आहे. स्कीला ठळक कंबर मिळाली ती १९९०च्या दशकात, त्यानंतर स्कीवरचं कार्व्हिंग सामान्यांच्या आवाक्यात आलं. फरक असा की स्कीवाल्याला दोन्ही बाजूंची वळणं सारखीच असतात, बोर्डवाल्याची टाचेची आणि चवड्याची वळणं दोन वेगळी कौशल्यं आहेत. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्कानं २०१८मध्ये प्योंगचांगला १७ फेब्रुवारीला स्कीची सुपर-जी ही वेगवान उतरणीची शर्यत एक शतांश सेकंदानं जिंकली आणि आठवड्यानं, २४ तारखेला, स्नोबोर्डची समांतर जायंट स्लॅलम. असा दुहेरी पराक्रम तिच्याआधी कोणीच केला नव्हता. २०२२मध्ये बीजिंगला तिनं बोर्डावरचं सुवर्ण राखलं.

स्नोबोर्डच्या शर्यती ऑलिम्पिकमध्ये १९९८ला नागानोत आल्या, दोघं शेजारीशेजारी धावण्याची पद्धत २००२पासून. ही शर्यत पुढेही ऑलिम्पिकमध्ये राहावी म्हणून खेळाडूंना मोहीम चालवावी लागली, याचं मला वाईट वाटतं. हवेत उड्या मारण्याला प्रेक्षक लगेच मिळतो. कडेवरचा हा नेमकेपणा बघायला मात्र थोडी माहिती लागते.

मुंबईत राहून काय करता येईल?

मॉलमधले स्नो पार्क लहान मुलांच्या घसरगुंडीपुरते ठीक, वळण घ्यायला तिथे उतार नाही. तीन तासांच्या विमानप्रवासावर स्की दुबई आहे. तिथली सगळ्यात लांब वाट ४०० मीटरची, बर्फ दाबलेला, आणि वर सांगितलेला खुणेचा सराव तिथे व्यवस्थित होतो.

गुलमर्ग अर्थातच आपलं. पण त्याची ख्याती अफरवट डोंगरावरच्या खोल, भुसभुशीत बर्फासाठी आहे, आणि अरुंद अल्पाइन बोर्डाचं नाक त्यात बुडतं. गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, वरच्या टप्प्यावर हा बोर्ड नेऊच नका. खालच्या दाबलेल्या उतारांवर, ऊन बर्फ मऊ करायच्या आत, सकाळी सराव करा. तिथे २०२०पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात आणि त्यात स्नोबोर्डही आहे, त्यामुळे शिकवणारे मिळतात. जानेवारीत लवकर तिकिटं काढणाऱ्यांनी २०२४ आठवावं, त्या जानेवारीत बराच काळ गुलमर्गचे उतार कोरडे होते. फेब्रुवारी जास्त भरवशाचा. गढवालमधल्या औलीचे उतारही कार्व्हिंगला चांगले.

घरी करण्यासारखं म्हणजे पायांची तयारी. दुप्पट भार मांड्यांना पेलायचा आहे, तेव्हा बैठका आणि एका पायावरच्या बैठका आतापासून सुरू करा. लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, चालवत असाल तर कलून वळण्याची सवय तिथेच लागते.

स्वतःचा बोर्ड घेतलात तर इथल्या दमट हवेचा विचार करा. जूनमध्ये कपाटामागे ठेवलेल्या बोर्डाच्या कडा ऑगस्टपर्यंत तांबूस होतात, गंज धार खातो. मोसम संपला की बोर्ड कोरडा पुसा, तळाला आणि कडांवर मेणाचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच ठेवा. बंद पिशवीत घालू नका, आत ओल धरते. सहलीआधी मेण खरवडून काढा, कड बारीक कानशीनं सरळ करून घ्या आणि नखाची परीक्षा पुन्हा एकदा घ्या, टाचेच्या कडेचीही.